पंचवीस हजारात जुना गेमिंग पीसी अपग्रेड करायचाय? आधी मोजा, मग खिशात हात घाला

जुन्या पीसीवर गेम अडकायला लागला की पहिला विचार ग्राफिक्स कार्डचाच येतो. मित्र तेच सांगतात, यूट्यूबवाले तेच सांगतात आणि दुकानात गेलात तर दुकानदारही तेच काढून दाखवतो. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण बजेट पंचवीस हजार असेल आणि त्यातले वीस एका कार्डात घालून घरी आल्यावर कळलं की खरी अडचण रॅमची होती किंवा एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला) ते कार्ड झेपतच नाहीये, तर पुढे सहा महिने गप्प बसावं लागतं. म्हणून हा लेख थोडा उलट्या क्रमाने लिहिलाय, खरेदी बरीच नंतर येते.

उदाहरणाला एक मशीन धरू. रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, जीटीएक्स १०५० टीआय, एक टीबीची हार्ड डिस्क, कॅबिनेटबरोबर आलेला लोकल एसएमपीएस आणि ६० हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर. २०१८-१९ ला असे पीसी ढिगाने असेम्बल झालेत, तुमचाही साधारण असाच असेल. इंटेलवाल्यांसाठी खाली वेगळं लिहिलंय.

मोजायचं कसं

एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्डवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं. त्याच्याबरोबर स्क्रीनवर आकडे दाखवणारं रिव्हाट्यूनर येतं, तेही टाका. मग गेम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्डचा वापर, तापमान, व्हीरॅम (कार्डची स्वतःची मेमरी), प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा वापर, रॅम आणि एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात) हे सगळं दिसेल असं सेट करा. आता जो गेम तुम्ही खरंच खेळता तोच अर्धा तास खेळा. बेंचमार्क नको, आणि मेन्यूत उभं राहून आकडे बघण्यातही अर्थ नाही, गर्दीच्या जागी मारामारी चालू असताना बघायचं.

कार्डचा वापर सतत ९५ ते ९९ टक्के दिसत असेल तर कार्ड कमी पडतंय. कार्ड ५०-६० टक्क्यांवर निवांत बसलंय, एफपीएसवर कुठली लिमिट लावलेली नाहीये, व्हीसिंक (एफपीएस मॉनिटरच्या हर्ट्झला बांधणारी सेटिंग) बंद आहे आणि तरी एफपीएस वाढत नाही, तर प्रोसेसर किंवा रॅम मागे खेचतेय. इथे एक फसगत होते, प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्के दिसतो आणि लोक म्हणतात प्रोसेसर तर मोकळा आहे, पण एकच कोअर शंभरला टेकलेला असतो, म्हणून कोअर वेगवेगळे बघायला सांगितलं. अजून खात्री करायची तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस दणकून वाढला तर कार्ड, जागचा हलला नाही तर प्रोसेसर.

रॅम ८ पैकी साडेसात भरलेली दिसत असेल आणि गेम मधेच अर्धा सेकंद गोठत असेल तर विंडोज हार्ड डिस्कवर सामान ठेवायला पळतंय. हा प्रकार कार्ड बदलून जात नाही.

फुकटात होण्यासारखं

हे वाचून हसू नका पण पहिलं काम म्हणजे पीसीच्या मागे वाकून मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते बघा. ती ग्राफिक्स कार्डला हवी, मदरबोर्डला नाही. ज्यांच्या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स आहेत त्यांच्याकडे चुकीच्या जागी लावली तरी चित्र दिसतं, त्यामुळे वर्षानुवर्षं कळत नाही. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये खरंच १४४ निवडलंय का तेही बघून घ्या.

मग टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. तिथे किती स्लॉट वापरात आहेत आणि स्पीड किती ते लिहिलेलं असतं. स्टिकवर ३२०० छापलंय आणि इथे २१३३ किंवा २४०० दिसतंय तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी (रॅम छापील स्पीडने चालवणारी सेटिंग) चालू करा, काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. रायझनला रॅमचा स्पीड चांगलाच लागतो. २६०० वर ३२०० स्थिर राहिलं नाही तर ३००० किंवा २९३३ वर ठेवा, फार बिघडत नाही.

मग धूळ. कॅबिनेट बाहेर गॅलरीत न्या आणि ब्लोअर मारा, पण मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळा पंखा ब्लोअरने गरागरा फिरवला की बेअरिंग जातं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका. पाच-सहा वर्षांची थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असते, ती बदला. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात खोलीच ४० च्या वर असते, तिथे प्रोसेसर नव्वदीत जाऊन स्पीड आपोआप पाडतो, आणि आपल्याला वाटतं मशीन म्हातारं झालं. साइड पॅनल काढून एकदा खेळून बघा, तापमान आठ-दहा डिग्रीने उतरलं तर कॅबिनेटमध्ये हवाच खेळत नाहीये, पुढे एक १२० एमएमचा पंखा लावा, काही शेकड्यांचं काम आहे.

एवढं करून झाल्यावर परत मोजा. बऱ्याच जणांचं काम इथेच भागतं, विशेषतः व्हॅलोरंट किंवा सीएस२ खेळणाऱ्यांचं.

एसएमपीएस आधी

कॅबिनेटबरोबर आलेल्या डब्यावर ५०० वॅट लिहिलेलं असतं ते विसरा. त्याचं लेबल नीट वाचा, १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि त्याला १२ ने गुणा. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर तो गुणाकार जवळजवळ ४५० येतो. लोकलवर बऱ्याचदा दोनशे-अडीचशेच्या पुढे जात नाही, आणि तेही कंपनीच्या शब्दावर विश्वास ठेवला तर.

१०५० टीआयला फक्त ७५ वॅट लागतात आणि ते बोर्डाच्या स्लॉटमधूनच मिळतात, म्हणून आजवर हा डबा चालून गेला. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट आणि ८ पिनचा एक कनेक्टर लागतो. लोकलमध्ये तो कनेक्टर नसतोच, मग दुकानदार मोलेक्सवरून (जुन्या चार पिनच्या कनेक्टरवरून) ८ पिन करणारा कन्व्हर्टर काढून देतो आणि म्हणतो काही होत नाही साहेब. होतं. त्या बारीक वायरी तापतात, प्लास्टिक वितळतं. कन्व्हर्टर घ्यायचाच नाही.

नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झचा (वीज कमी वाया जाते याचं प्रमाणपत्र असलेला) ४५० ते ५५० वॅट या मशीनला भरपूर झाला. ७५०-८५० ची गरज नाही. आणि हा भाग सेकंडहँड घेऊ नका, बाकी सगळं घ्या. मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) घेतलात तर त्याच्याच केबल वापरा, दुसऱ्या एसएमपीएसच्या केबल कनेक्टरमध्ये बसतात पण आतली वायरींची जुळणी वेगळी असते आणि पहिल्याच स्टार्टला एसएसडी जळते.

जाता जाता दोन गोष्टी. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरात अर्थिंग नाहीये, इलेक्ट्रिशियनला बोलवा, त्याआधी नवं कार्ड बसवू नका. आणि ६०० व्हीएचा जो यूपीएस सगळ्यांकडे असतो तो साधारण ३६० वॅटचा असतो, त्यावर मॉनिटर आणि राउटर लावून वर गेम चालू असताना लाइट गेली तर तो सेव्ह करून बंद करण्यापुरता टिकेल, खेळत बसायला नाही.

रॅम आणि एसएसडी

८ ची एकच स्टिक असेल तर दुसरी ८ ची टाका. १६ होतात आणि ड्युअल चॅनेल चालू होतं (दोन्ही स्टिक एकाच वेळी काम करतात), त्यामुळे गोठणं कमी होतं. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. वेगळ्या कंपनीची स्टिक सहसा चालते, फक्त दोन्ही हळू असलेलीच्या स्पीडने धावतात. २०२५ च्या शेवटापासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकलेत, त्यामुळे जुनी डीडीआर४ घ्यायला मी बिनधास्त सांगतो. रॅम सहजासहजी खराब होत नाही. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावून ठेवा, एकही एरर आली तर परत.

एसएसडीने एफपीएस वाढत नाही, हे स्पष्ट सांगतो कारण पुष्कळ जणांना तसं वाटतं. पण हार्ड डिस्क शंभर-दीडशे एमबीने वाचते आणि साधी साटा एसएसडी पाचशेच्या पुढे, त्यामुळे विंडोज आणि गेम दोन्हीचं रडगाणं थांबतं. गेममध्ये साटा आणि एनव्हीएमई (अजून जलद प्रकारची एसएसडी) यात डोळ्यांना दिसेल असा फरक फार कमी असतो, जी स्वस्त पडेल ती घ्या. बी४५० वर एम डॉट टू स्लॉट (एसएसडी थेट बोर्डावर बसवायची जागा) वापरला की काही बोर्डांवर एक-दोन साटा पोर्ट बंद होतात, मॅन्युअल बघा नाहीतर हार्ड डिस्क गायब झाली म्हणून घाबराल. आणि तो स्क्रू! एम डॉट टूचा पिटुकला स्क्रू आणि त्याखालचा स्टँडऑफ मदरबोर्डच्या खोक्यात एका पुडीत असतो, आणि खोकं कधीच रद्दीत गेलेलं असतं. एसएसडी घेतानाच दुकानात मागून घ्या, टेप लावून चिकटवू नका.

अनोळखी नावाची, दोन टीबी अगदी फुकटात अशी एसएसडी दिसली तर दुर्लक्ष करा. आतली जागा खोटी दाखवलेली असते. भरायला लागलात की जुन्या फाइल्स उडतात.

आता कार्ड

पंचवीस हजाराचे मी असे वाटे करीन: तेरा-चौदा सेकंडहँड कार्डाला, चार-साडेचार नव्या एसएमपीएसला, उरलेल्यात एसएसडी आणि रॅमची स्टिक. भाव दर आठवड्याला हलतात, त्यामुळे रुपये सोडा, प्रमाण लक्षात ठेवा.

फुल एचडीला या बजेटमध्ये माझी पसंती आरएक्स ६६००. ऑक्टोबर २०२१ चं कार्ड आहे, ८ जीबी व्हीरॅम, वीज कमी खातं, छोट्या कॅबिनेटमध्येही बसतं. जीटीएक्स १६६० सुपर स्वस्तात मिळतं आणि कार्ड दणकट आहे पण त्यात रे ट्रेसिंगचं (प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याचं) हार्डवेअर नाहीये, आणि इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल किंवा डूम: द डार्क एजेस सारखे गेम त्याशिवाय चालूच होत नाहीत. तुम्ही जीटीए ५ आणि फिफाच खेळणार असाल तर खुशाल घ्या. जीटीएक्स १०६०, १०७०, १०८० कितीही स्वस्त मिळू दे, या पास्कल पिढीसाठी एनव्हीडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर नव्या गेमचे ड्रायव्हर बंद केलेत, २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. आता त्यात पैसे घालू नका.

आरएक्स ६५०० एक्सटी टाळा. त्याला पीसीआयच्या चारच लेन (बोर्डाशी डेटा देवाणघेवाणीच्या वाटा) आहेत, बी४५० बोर्ड पीसीआय जेन ३ चा, म्हणजे जुन्या, कमी वेगाच्या पिढीचा असल्यामुळे तिथे ते अजून मार खातं, वर व्हीरॅम बहुतेक ४ जीबीच. ६६०० ला आठ लेन आहेत, जेन ३ वर किंचित फरक पडतो, झोप उडवण्यासारखा नाही. एसएमपीएस बदलायचाच नसेल किंवा डेलचा ऑफिसमधून निघालेला पीसी असेल, ज्यात एसएमपीएसचे कनेक्टरच वेगळे असतात, तर आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीवाली आवृत्ती बघा, ती ७० वॅटची आहे आणि वेगळी वायर लागत नाही. उभं बारीक कॅबिनेट असेल तर लो प्रोफाइल (कमी उंचीचं) मॉडेलच बसेल, आधी पट्टी घेऊन मोजा.

जुनं कार्ड घेताना चालू पीसीवर बघितल्याशिवाय पैसे नाहीत, हा नियम. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहे, तिथे दुकानातच लावून दाखवतात आणि थोड्या दिवसांची टेस्टिंग वॉरंटी तोंडी न घेता बिलावर लिहून घ्या. खाजगी विकणाऱ्याकडे गेलात तर जीपीयू-झेड (कार्डची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर घेऊन जा. खोटं बायोस मारलेल्या कार्डावर ते बऱ्याचदा सरळ फेक असं लिहून दाखवतं. आरएक्स ५८० मध्ये हमखास घोळ असतो, खऱ्याला २३०४ शेडर (चित्राची गणितं करणारे छोटे भाग) असतात आणि २०४८ दिसले तर ती कमी ताकदीची वेगळी आवृत्ती आहे. फरमार्क (कार्डवर पूर्ण ताण टाकणारी चाचणी) दहा-पंधरा मिनिटं चालवा, तेवढ्यात स्क्रीनवर रंगीत ठिपके येतात का, पंखा कुरकुरतो का, तापमान कुठे थांबतं ते कळतं. मग कार्ड हातात घेऊन मागच्या पट्टीवर गंज आणि स्क्रूंवर ओरखडे बघा, समुद्राजवळच्या गावातलं कार्ड असेल तर चिपच्या आसपास पांढरी पावडर धरलेली असू शकते, ते सोडून द्या. सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग बंद पडल्यावर बाजारात मायनिंगची कार्डं खूप आली. मायनिंगचं म्हणजे टाकाऊ असं नाही, पंखे आणि थर्मल पॅड घासलेले असतात एवढंच, पण मग त्या हिशेबाने भाव पाडून घ्या.

आणि ते "मी आर्मीत आहे, बदली झालीय, अ‍ॅडव्हान्स पाठवा" वाले अजूनही आहेत. अ‍ॅडव्हान्स द्यायचा नाही. तुमचं जुनं कार्ड विकताना कोणी क्यूआर पाठवून "स्कॅन करा, पैसे येतील" म्हणाला तर लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

प्रोसेसर शेवटी, आणि तोही गरज असेल तरच

६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ६६०० बरोबर २६०० निभावून नेतो. १४४ हर्ट्झला जायचं असेल तेव्हा बदला. इथे एएम४ (२६०० ज्यात बसतो तो सॉकेट) वाल्यांचं नशीब जोरावर आहे, २०१७-१८ च्या बोर्डात बायोस अपडेट करून २०२२ चा रायझन ५ ५६०० बसतो. नवा बोर्ड नको, नवी रॅम नको. ५५०० थोडा स्वस्त मिळेल पण त्याची एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) ५६०० च्या निम्मी आहे, १६ विरुद्ध ३२ एमबी, आणि गेममध्ये ती जाणवते.

क्रम असा. बोर्डच्या कंपनीच्या साइटवर तुमच्याच मॉडेलची आणि रिव्हिजनची प्रोसेसर यादी उघडा, ५६०० ला कुठलं बायोस लागतं बघा, काही बोर्डांवर मधलं एखादं व्हर्जन आधी टाकावं लागतं. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच, एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट करा. यूपीएसवर करा, पावसाळ्यात संध्याकाळी तर मुळीच करू नका, अपडेटच्या मधे लाइट गेली तर बोर्ड मेला. त्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, कारण प्रोसेसर बदलल्यावर टीपीएम (त्या कुलपाची किल्ली सांभाळणारा भाग) रीसेट करू का असं बायोस विचारतं आणि हो म्हटल्यावर विंडोज ती की मागतं.

मग दहा मिनिटं गेम खेळा, पेस्ट गरम होऊ द्या, आणि बंद करून वायर काढून कूलर उघडा. सरळ वर ओढू नका. स्क्रू सोडल्यावर कूलर डावी-उजवीकडे हळूहळू फिरवा, चिकट सुटल्याचं हाताला कळतं, तेव्हा उचला. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, थंड पेस्टने घट्ट धरलेला प्रोसेसर सॉकेटचा खटका न उघडता कूलरबरोबर उपटून येतो आणि चार-सहा पिना वाकतात. नवा बसवताना सोनेरी त्रिकोण जुळवा, तो आपल्या वजनाने खाली बसला पाहिजे, दाबायचा नाही.

इंटेलवाल्यांनी काय करायचं? सहाव्या-सातव्या पिढीचा आय५ चार कोअरचा आणि तेवढ्याच थ्रेडचा, त्यात जुना आय७ टाकण्याचा मोह होतो पण त्याचे मागतात ते पैसे पटत नाहीत, आणि विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यापेक्षा एच६१० बोर्ड आणि आय३ १२१००एफ किंवा आय५ १२४००एफ घ्या. बोर्ड डीडीआर४ वाला निवडलात तर तुमची रॅम तशीच वापरता येते. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, कार्ड हवंच. दुसऱ्या ते चौथ्या पिढीवाल्यांनी डीडीआर३ वर एक रुपयाही खर्च करू नये. एसएसडी, एसएमपीएस, कार्ड एवढंच घ्यावं, हे तिन्ही पुढच्या मशीनमध्ये जातात.

लावून झाल्यावर

एनव्हीडियावरून एएमडीवर येताय तर इंटरनेट काढून सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर साफ करा, मग नवा टाका. एफपीएस ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ६० लाच बांधून ठेवा, कार्ड थंड राहतं आणि वीजही वाचते. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेज थोडं थोडं खाली आणून बघा, गेम बंद पडला की एक पायरी मागे या. सेटिंगमध्ये सगळं अल्ट्रा करायची गरज नाही, सावल्या आणि व्हॉल्युमेट्रिक धुकं मीडियमवर आणलं की दिसण्यात फारसा फरक पडत नाही आणि एफपीएस मात्र भरपूर मिळतो. टेक्स्चर हायला ठेवा, ८ जीबी त्यासाठीच घेतलेत. जड गेममध्ये एफएसआर (चित्र कमी रिझोल्यूशनवर काढून मोठं करणारी सेटिंग) क्वालिटीवर लावा, त्याखाली गेलं की फुल एचडीला चित्र पुसट होतं.

जुनं १०५० टीआय घरात ठेवून धूळ खायला लावू नका, वेगळी वायर लागत नाही म्हणून ऑफिसचे पीसी घेणारे लोक ते अजूनही शोधत असतात. चालू पीसीवरचा जीपीयू-झेडचा फोटो काढून टाकलात तर पटकन जाईल. हार्ड डिस्क विकायची तर आधी पूर्ण फॉरमॅट, क्विक नाही. लोकल एसएमपीएस मात्र विकू नका, शेजाऱ्याच्या पोराला फुकटही देऊ नका, वायरी कापून ई-कचऱ्यात टाका म्हणजे कोणी परत लावणार नाही.